लिव्हरचा रक्तप्रवाह बिघडला की मेंदूत काय घडतं? रुग्ण आणि घरच्यांसाठी पायरीपायरीने

लिव्हर सिरोसिस असलेल्या माणसाच्या घरी कधीतरी अशी वाक्यं कानावर येऊ लागतात: रात्रभर टक्क जागे असतात आणि दिवसा डुलक्या घेतात, हल्ली कशावरूनही चिडतात, नेहमीचा हिशोबही चुकतो, सही पूर्वीसारखी येत नाही. घरचे त्याला वय म्हणतात, ताण म्हणतात, कधी हट्टीपणाही म्हणतात. मग कुणीतरी झोपेची गोळी सुचवतं. दुखणं खऱ्या अर्थाने तिथूनच वाढू शकतं, कारण हे बदल बऱ्याचदा मेंदूतल्या रसायनांचे असतात आणि त्यांची सुरुवात पोटातल्या रक्तप्रवाहातून झालेली असते.

या अवस्थेला हेपॅटिक एन्केफेलोपथी म्हणतात. ती वेळेत ओळखली तर बहुतेकदा आटोक्यात येते आणि ओळखण्याचं काम डॉक्टरांच्या आधी घरचेच करू शकतात. म्हणून आतड्यापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर कुठे काय बिघडतं आणि तिथे आपल्या हातात काय असतं, हे क्रमाने पाहू. औषधांचे डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

पायरी १: रक्ताची वाट कुठे चुकली आहे, ते माहीत करून घ्या

लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं. त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतडी आणि प्लीहेकडून येतं. पचलेल्या अन्नाबरोबर आतड्यात तयार झालेले विषारी पदार्थही याच रक्तात असतात. लिव्हरमधून जाताना ते गाळले जातात आणि मगच रक्त हृदयाकडे जातं.

निरोगी माणसात पोर्टल व्हेन आणि लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्या दाबात १ ते ५ मिलिमीटर पारा एवढाच फरक असतो. सिरोसिसमध्ये लिव्हरमध्ये व्रण पडतात, ते कडक होतं आणि हा फरक वाढतो. तो १० किंवा त्याहून अधिक झाला की गुंतागुंतींचा धोका लक्षणीय वाढतो. पुढे वाट अडलेली असल्याने रक्त आडवाटा धरतं. अन्ननलिकेभोवतीच्या, जठराभोवतीच्या आणि गुदद्वाराजवळच्या शिरा फुगतात. प्लीहेकडून डाव्या किडनीच्या शिरेत जाणारा मोठा मार्गही उघडू शकतो. या आडवाटांना शंट म्हणतात. त्यांतून जाणारं रक्त न गाळताच शरीरभर आणि मेंदूत पोचतं.

सिरोसिसखेरीजही हे होऊ शकतं. पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली, ती शीर लहानपणापासून बंद असली किंवा जन्मतःच शंट असला, तर लिव्हरच्या पेशी चांगल्या असूनही मेंदूला त्रास होतो. अशा मुलांमध्ये अभ्यासात लक्ष न लागणं किंवा मागे पडणं याचं कारण हेही असू शकतं आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. टिप्स नावाची प्रक्रिया केलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे दाब उतरवण्यासाठी डॉक्टरच लिव्हरमधून एक नळी बसवून नवी वाट करून देतात. रक्तस्राव आणि पोटातलं पाणी यांवर ती फार उपयोगी पडते, पण तिच्यानंतर मेंदूची लक्षणं दिसण्याचा धोका वाढतो. पहिल्या काही महिन्यांत अशा रुग्णाकडे जास्त लक्ष हवं.

हे नातं जुनं आहे. निकोलाय एक (Eck) या रशियन डॉक्टरांनी १८७७ मध्ये कुत्र्यांची पोर्टल व्हेन थेट शरीराच्या मुख्य शिरेला जोडली. १८९३ मध्ये इव्हान पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांचं बारकाईने वर्णन केलं. मांस खाल्लं की ती बिथरत, अडखळत चालत, कधी बेशुद्ध पडत. रक्त लिव्हरला टाळून गेलं तर खाल्लेलं अन्न मेंदूला बाधतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा. सीटी स्कॅनमध्ये मोठा शंट दिसतो का? पोर्टल व्हेन मोकळी आहे का? लिव्हरचं स्वतःचं काम किती शिल्लक आहे? शेवटचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं, कारण पेशी थकलेल्या असणं आणि रक्त आडवाटेने जाणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. कुणात पहिली जास्त असते, कुणात दुसरी, आणि त्यावरून पुढचे उपचार बदलतात.

पायरी २: अमोनिया कुठून येतो, ते समजून घ्या

आडवाटेने निसटणाऱ्या पदार्थांत सर्वांत मोठा अपराधी अमोनिया. तो फक्त प्रथिनं खाल्ल्याने होतो, असा समज आहे. खरं तर लहान आतड्याच्या पेशी ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल इंधन म्हणून वापरतात तेव्हाही अमोनिया तयार होतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू युरिया फोडून त्यात भर घालतात. किडनीही अमोनिया बनवते आणि त्याचा काही भाग रक्तात सोडते. निरोगी लिव्हर त्याचा युरिया करून टाकतं आणि जो उरतो तो ग्लुटामिनमध्ये बांधून ठेवतं.

लिव्हर थकलं की हे काम बरंचसं स्नायूंवर येतं. स्नायूसुद्धा अमोनिया ग्लुटामिनमध्ये बांधू शकतात. त्यामुळे ज्या रुग्णाच्या मांड्या आणि दंड वाळले आहेत, त्याच्या मेंदूला धोका जास्त. सातव्या पायरीत आहाराबद्दल जे सांगितलं आहे, त्याचं मूळ इथे आहे.

रक्तात अमोनिया बहुतांशी विद्युतभारित रूपात असतो आणि त्या रूपात तो पेशींच्या आवरणातून सहज जात नाही. रक्त अल्कधर्मी झालं की भार नसलेला अमोनिया वाढतो आणि तो मेंदूत सहज शिरतो. पोटॅशियम कमी झालं की किडनी जास्त अमोनिया बनवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी या दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात. पायाची सूज झपाट्याने उतरली म्हणून घरात आनंद आणि दोन दिवसांत रुग्ण भ्रमात, असं घडतं ते यामुळे.

अमोनियाच्या रक्ततपासणीवर घरचे फार भिस्त ठेवतात, म्हणून सांगतो. रुग्ण गोंधळलेला आहे आणि अमोनिया नॉर्मल आहे, तर दुसरं कारण शोधायला हवं. तपासणीचा हा उपयोग खरा. नुसता आकडा वाढलेला असणं म्हणजे आजार नव्हे आणि आकड्यावरून तीव्रताही ठरत नाही. दंडाला पट्टा घट्ट बांधून रक्त घेतलं, नमुना बर्फात ठेवला नाही किंवा लॅबमध्ये उशिरा पोचला, तरी आकडा खोटाच वाढलेला येतो. माणूस कसा वागतो-बोलतो, यावर जास्त विश्वास ठेवा.

पायरी ३: मेंदूच्या रसायनांत काय बदलतं

हा भाग थोडा अवघड आहे, पण तो कळला की एखादं औषध का चालतं आणि दुसरं का घातक ठरतं, हे आपोआप उलगडतं.

मेंदूत ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी असतात. अमोनिया निकामी करण्याचं काम मेंदूत जवळजवळ त्याच करतात. त्या ग्लुटामेट आणि अमोनिया एकत्र करून ग्लुटामिन बनवतात. ग्लुटामिन साठत गेलं की ते पाणी ओढून घेतं. पेशी मायो-इनोसिटॉलसारखे दुसरे पदार्थ बाहेर टाकून तोल सांभाळू पाहतात, पण त्यालाही मर्यादा असते आणि पेशी हलक्याशा सुजतात. काही संशोधकांच्या मते हे ग्लुटामिन पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागात, शिरून तिथे पुन्हा अमोनिया सोडतं आणि आतून नुकसान करतं. आजार हळूहळू वाढलेला असेल तर मेंदूवरची सूज थोडी असते. लिव्हर अचानक निकामी झालं तर मात्र तीच सूज जीवघेणी ठरू शकते.

ॲस्ट्रोसाइट बिघडल्या की न्यूरोट्रान्समीटरची, म्हणजे मेंदूच्या पेशी ज्या रसायनांनी एकमेकींशी बोलतात त्यांची, घडी विस्कटते.

ग्लुटामेट हा मेंदूला चेतवणारा मुख्य संदेशवाहक. काम झालं की तो टिपून घेणं ही ॲस्ट्रोसाइटची जबाबदारी. लिव्हर अचानक निकामी होतं तेव्हा ही टिपणी मंदावते, ग्लुटामेट पेशींबाहेर साठतो आणि मेंदू अतिउत्तेजित होतो. जुन्या आजारात वेगळं घडतं. ग्लुटामेटचा संदेश आत पोचवणारी, नायट्रिक ऑक्साइडवर चालणारी साखळी थंडावते. शिकणं आणि लक्षात ठेवणं या साखळीवर अवलंबून असल्यामुळे नवीन गोष्ट ध्यानात राहत नाही आणि एका वेळी दोन कामं जमत नाहीत.

गाबा हा शांत करणारा संदेशवाहक. सुजलेल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये न्यूरोस्टेरॉइड नावाची रसायनं जास्त तयार होतात. ॲलोप्रेग्नानोलोन हे त्यांतलं एक. ती गाबाच्या रिसेप्टरवर, म्हणजे गाबाचा संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या जागेवर, बसून त्याचा परिणाम वाढवतात. थोडक्यात, बाहेरून काहीही न घेता मेंदूवर गुंगीच्या औषधासारखा अंमल चढलेला असतो. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम या गोळ्या याच रिसेप्टरवर काम करतात. आधीच दाबलेल्या मेंदूवर त्या आणखी दाब आणतात आणि निरोगी माणसाला जेमतेम झोप आणणारी मात्रा या रुग्णाला बेशुद्धीत नेऊ शकते. अशा गोळ्यांचा परिणाम उतरवणाऱ्या फ्लुमाझेनिल या इंजेक्शनने काही रुग्ण थोडा वेळ जागे होतात, यावरूनही गाबाचा सहभाग कळतो.

सेरोटोनिनचं गणित अमिनो आम्लांत आहे. लिव्हरच्या आजारात रक्तातली शाखायुक्त अमिनो आम्लं, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, कमी होतात. ट्रिप्टोफॅन, फिनाइलॲलानिन आणि टायरोसिन ही सुगंधी गटातली आम्लं तुलनेने वाढतात. मेंदूच्या दारातून दोन्ही गट एकाच वाहकाच्या साहाय्याने आत जातात. पहिला गट कमी पडल्याने दुसऱ्याला जागा मिळते, ट्रिप्टोफॅन जास्त शिरतं आणि त्यापासून बनणाऱ्या सेरोटोनिनची उलाढाल वाढते. झोप आणि मनःस्थितीतल्या बदलांत याचा वाटा आहे. झोपेची वेळ सांभाळणाऱ्या मेलाटोनिनच्या रोजच्या चढउतारालाही उशीर होतो, त्यामुळे झोपेची वेळ पुढे सरकते आणि दिवस-रात्र उलटी होते.

डोपामिनची बाजू मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. अन्नातलं मँगनीज एरवी पित्तावाटे बाहेर जातं. पित्तमार्ग मंदावला आणि रक्त आडवाटेने गेलं की ते मेंदूच्या खोल भागात, ग्लोबस पॅलिडसमध्ये साठतं. एमआरआयच्या टी-१ चित्रांत हा भाग उजळ दिसतो. हालचालींवर ताबा ठेवणारी डोपामिनची यंत्रणा याच परिसरात आहे. म्हणून काही रुग्णांत पार्किन्सन्ससारखी मंद चाल, हावभावहीन चेहरा, अडखळतं बोलणं दिसतं. १९७१ मध्ये फिशर आणि बाल्डेसरिनी यांनी मांडलं होतं की सुगंधी अमिनो आम्लांपासून ऑक्टोपामाइनसारखे नकली संदेशवाहक तयार होऊन खऱ्यांची जागा बळकावतात. या एकाच गोष्टीने सगळा आजार उलगडतो असं आज मानत नाहीत.

या सगळ्यावर शरीरातला दाह आणि जंतुसंसर्ग यांची फोडणी बसते. जंतुसंसर्गात रक्तात येणारे टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ सारखे पदार्थ मेंदूला अमोनियासाठी जास्त हळवं करतात. अमोनियाचा तोच आकडा असताना एक रुग्ण नीट बोलतो आणि दुसरा भ्रमात जातो, त्याचं एक कारण हे.

पायरी ४: घरी पाहणी कशी करायची

रुग्ण ठीक असतानाची नोंद असेल तरच बिघाड कळतो. म्हणून चांगल्या दिवशी सुरुवात करा आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी, पुढच्या गोष्टी करा.

एका वहीत तारीख घालून रुग्णाला तेच वाक्य लिहायला, सही करायला आणि पाच टोकांची चांदणी काढायला सांगा. बिघाड होतो तेव्हा अक्षर लहान-मोठं होतं, ओळ खाली उतरते आणि चांदणीच्या रेषा एकमेकींना भेटत नाहीत. रुग्णाला स्वतःला हे जाणवत नाही. मागच्या पानाशेजारी आजचं पान ठेवलं की घरच्यांना लगेच दिसतं.

मग घड्याळ लावून ६० सेकंदांत जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगायला लावा. ही चाचणी दवाखान्यातही वापरतात. १५ पेक्षा जास्त नावं आली तर बहुधा ठीक. १० पेक्षा कमी आली तर डॉक्टरांना कळवा. वय फार जास्त असेल किंवा शिक्षण कमी झालं असेल तर आकडे थोडे सैल धरायचे. अशा वेळी स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी केलेली तुलना जास्त खरी.

हाताची चाचणी नीट करा, कारण तिच्यातून बरंच कळतं. रुग्णाला बसवा. दोन्ही हात समोर सरळ, मनगटं मागे वळवलेली, बोटं फाकवलेली, डोळे मिटलेले. अर्धा मिनिट थांबा. बिघाड असेल तर पंजा एकदम खाली पडतो आणि क्षणात परत वर येतो, थोड्या वेळाने पुन्हा पडतो. हे थरथरणं वेगळं असतं. सतत बारीक कंप येत राहिला तर त्याची कारणं निराळी. पंजा पडतो तो स्नायूंचा ताण क्षणभर सुटल्यामुळे. डॉक्टर याला ॲस्टेरिक्सिस म्हणतात. इतर काही आजारांतही तो दिसतो, पण लिव्हरच्या रुग्णात नव्याने दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा.

याखेरीज झोपेच्या वेळा आणि शौचाची संख्या रोज लिहा. वहीत एवढं असलं की पुरे.

डॉक्टर तीव्रता वेस्ट हेवन नावाच्या श्रेणीने मोजतात. पहिल्या श्रेणीत लक्ष विचलित होतं, बेरीज-वजाबाकीत चुका होतात, झोप बदलते, माणूस उगाच आनंदी किंवा धास्तावलेला वाटतो. दुसरीत आळसावलेपण, स्वभावातला ठळक बदल आणि वाराचा-तारखेचा गोंधळ. तिसरीत गुंगी, आपण कुठे आहोत हे न कळणं. चौथी म्हणजे बेशुद्धी. पहिलीच्याही आधी एक छुपी अवस्था असते. तिच्यात बोलणं-चालणं पूर्ण नॉर्मल दिसतं आणि दोष फक्त खास चाचण्यांत सापडतो. त्या अवस्थेतही प्रतिक्रिया मंदावलेली असते, म्हणून गाडी चालवायची की नाही हे तपासणी करून डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

पायरी ५: ठिणगी कुठे पडली, ते शोधा

एवढं चांगलं चाललेलं अचानक का बिघडलं, या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर असतं. ते सापडलं की अर्धा उपचार झाला. शोधताना या क्रमाने जा.

पोट साफ होतंय का? दोन दिवस शौचास झालं नसेल तर तेवढंही पुरेसं कारण आहे.

जंतुसंसर्ग आहे का? ताप नसला तरी असू शकतो. पोटात पाणी असलेल्या रुग्णात त्या पाण्यातच संसर्ग होतो आणि पोट थोडंसं दुखणं किंवा नुसता भ्रम एवढंच त्याचं लक्षण असतं. दवाखान्यात सुईने ते पाणी काढून तपासायला हवं. त्याला घाबरून टाळाटाळ करू नका.

रक्तस्राव? काळी, चिकट, डांबरासारखी शौच म्हणजे वरच्या भागात रक्त वाहिलं आहे. आतड्यात गेलेलं रक्त हे प्रथिनच, त्यातून भरपूर अमोनिया होतो.

पाणी आणि क्षार: उलट्या, जुलाब, लघवीच्या गोळ्यांचा वाढलेला डोस. सोडियम आणि पोटॅशियम तपासा.

नवीन औषधं: झोपेच्या गोळ्या, चिंतेच्या गोळ्या, ओपिऑइड (अफूसारख्या) वर्गातली वेदनाशामकं, गुंगी आणणारी सर्दी-खोकल्याची औषधं. इथे एक सावधगिरी हवी. अशी गोळी बरीच वर्षं चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी किडनीवर ताण येतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ती टाळायची. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत चालतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं सवयीने चालू असतील तर खरंच गरज आहे का, हेही विचारा.

यातलं काहीच सापडलं नाही आणि त्रास पुन्हा पुन्हा होतोय, तर मोठा शंट असण्याची शंका घ्यायला हवी.

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. लिव्हरच्या रुग्णातला प्रत्येक भ्रम अमोनियाचा नसतो. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. या रुग्णांचं रक्त नीट गोठत नसल्याने साध्या पडण्यानेही कवटीच्या आत रक्त साठू शकतं. दारू अचानक सोडल्याने किंवा बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही भ्रम होतो. शरीराच्या एकाच बाजूला अशक्तपणा, फिट किंवा डोक्याला मार यांतलं काही असेल तर मेंदूचं स्कॅन होईपर्यंत हेपॅटिक एन्केफेलोपथी म्हणून मोकळं होऊ नये.

पायरी ६: औषधं नीट घ्या, विशेषतः लॅक्टुलोज

लॅक्टुलोज ही लहान आतड्यात न पचणारी साखर. १९६६ पासून ती या आजारात वापरली जाते. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचं आम्ल करतात. आम्लामुळे अमोनिया भारित रूपात अडकतो आणि शौचावाटे बाहेर जातो. ती नुसतं जुलाबाचं औषध आहे असं समजून लोक पोट साफ झाल्यावर थांबवतात. पुन्हा भरती होण्यामागे मला दिसणारं सर्वांत टाळता येण्याजोगं कारण हेच.

ध्येय एकच: दिवसाला २ ते ३ मऊ शौच. सुरुवात बहुधा १५ ते ३० मिलिलिटर, दिवसातून दोन-तीनदा अशी होते आणि मग शौचाच्या संख्येवरून मात्रा कमी-जास्त केली जाते. एकदाच झालं तर वाढवायची, चार-पाच पातळ झाले तर कमी करायची. कितीपर्यंत स्वतः बदल करायचा, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. जास्त जुलाब झाले तर शरीरातलं पाणी आटतं, क्षार बिघडतात आणि ज्यासाठी औषध घेतलं तोच भ्रम वाढतो. पोट फुगणं आणि गोडवा नकोसा होणं या तक्रारी खऱ्या आहेत. पाण्यात मिसळून, थोडं थोडं करून घेतलं तर सोसतं.

गुंगीत असलेल्या माणसाला तोंडावाटे लॅक्टुलोज पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दवाखान्यात ते नाकातल्या नळीने किंवा एनिमाने देतात.

लॅक्टुलोज चालू असूनही पुन्हा त्रास झाला तर रिफॅक्सिमिन जोडतात, साधारणपणे ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. हे प्रतिजैविक रक्तात फारसं शोषलं जात नाही, आतड्यातच काम करतं. पुन्हा भरती होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. शाखायुक्त अमिनो आम्लं काहींना उपयोगी पडतात. एल-ऑर्निथिन एल-ॲस्पार्टेट युरिया बनवण्याच्या साखळीला हातभार लावतं. झिंक कमी असेल तर भरून काढतात. ही सगळी दुय्यम, पहिल्या दोघांची जागा घेणारी नव्हेत.

पायरी ७: प्रथिनं तोडू नका

पूर्वी या रुग्णांची प्रथिनं कडक बंद करत. तो सल्ला अजूनही घरोघरी फिरतो आणि तो नुकसान करतो. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात. स्नायू झिजले की अमोनिया बांधणारी दुसरी फळी जाते.

आजची शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि निदान ३५ किलोकॅलरी अशी आहे. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. पोटात पाणी असेल तर ते धरून आलेलं वजन वापरू नका, आहारतज्ज्ञांकडून कोरडं वजन काढून घ्या. वनस्पतिजन्य आणि दुग्धजन्य प्रथिनं अनेकांना जास्त मानवतात. तंतुमय पदार्थांमुळे पोटही साफ राहतं.

उपाशी राहण्याचे तास कमी करणं तितकंच मोलाचं. थकलेल्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा थोडा असतो. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत बारा तास गेले तर शरीर स्नायू मोडून ऊर्जा काढतं. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं आणि झोपण्यापूर्वी पिष्टमय पदार्थांचा एक छोटा आहार. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा. झेपेल तेवढं चालणं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्यासारखे हलके व्यायाम चालू ठेवा.

पायरी ८: वाट दुरुस्त करता येते का, ते विचारा

औषधं नीट चालू असूनही त्रास वारंवार होत असेल, लिव्हरचं काम बऱ्यापैकी शिल्लक असेल आणि स्कॅनमध्ये मोठा शंट दिसत असेल, तर तो आतून बंद करता येतो. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट शिरेतून बारीक नळी नेऊन कॉइल, प्लग किंवा औषधाने तो बुजवतात. निवडक रुग्णांत मेंदूची लक्षणं त्याने खूप कमी होतात. मात्र वाट बंद झाली की पोर्टल व्हेनचा दाब वाढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगू शकतात, पोटात पाणी वाढू शकतं. म्हणून आधी एंडोस्कोपी आणि नंतर नियमित तपासणी हवी. टिप्स झालेल्या रुग्णात नळीचा व्यास कमी करण्याचा पर्याय असतो.

लिव्हर स्वतःच थकलेलं असेल तर या दुरुस्त्या फार काळ टिकत नाहीत. दवाखान्यात नेण्याइतका त्रास एकदा जरी झाला तरी लिव्हर ट्रान्सप्लांटबद्दल विचारायला हरकत नाही. तो विषय काढणं म्हणजे आशा सोडणं असं वाटून अनेक कुटुंबं उशीर करतात आणि तोवर रुग्ण शस्त्रक्रिया सोसण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

पायरी ९: केव्हा थांबायचं नाही

हाक मारल्यावर नीट जाग येत नाही, जागा किंवा माणसं ओळखता येत नाहीत, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, ताप किंवा पोटदुखीबरोबर गोंधळ आहे, फिट आली, डोक्याला मार लागला: यांतलं एकही दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, रुग्णाला कुशीवर वळवा आणि थेट इमर्जन्सीत न्या. ज्याला आधी लिव्हरचा आजार नव्हता त्याला कावीळ झाली आणि पाठोपाठ गोंधळ सुरू झाला, तर ती त्याहूनही मोठी घाई आहे. तिथे मेंदूवरची सूज तासातासाने वाढू शकते आणि ट्रान्सप्लांटची सोय असलेलं रुग्णालयच गाठावं.

निघताना ती वही, चालू औषधांच्या पट्ट्या आणि शेवटचा सीटी किंवा एंडोस्कोपीचा रिपोर्ट सोबत घ्या. तिथे पोचल्यावर तीन गोष्टी स्वतःहून सांगा: शेवटचं शौच केव्हा झालं, गेल्या आठवड्यात कोणतं औषध नव्याने सुरू झालं किंवा बंद झालं, आणि बोलण्या-वागण्यातला पहिला बदल कोणत्या दिवशी दिसला. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला मधले दिवस आठवत नाहीत. त्या काळात तो काय बोलला, कुणावर ओरडला, हे त्याच्यासमोर उगाळू नका. पहिले काही आठवडे पैशांचे व्यवहार आणि औषधांच्या वेळा दुसऱ्या कुणाच्या हातात ठेवा आणि वहीतली चांदणी पुन्हा नीट जुळू लागली की एकेक काम त्याच्याकडे परत द्या.